हात हिचे, चेहरा त्याचा

"हात हिचे आणि चेहरा त्याचा... असे का, झिला?"

शके १९४१, मार्गशीर्षाचा पहिला आठवडा. हेमंतातली कोवळी सकाळ. सावंतवाडीजवळच्या एका मठाच्या ओसरीवर दाजी मेस्त्री लॅपटॉपवरची नजर न काढता विचारत होते. पूर्वी दाजी दशावतारात स्त्रीभूमिका करीत. दिग्दर्शक निनाद त्यांचाच शिष्य. नव्या मालिकेचा पहिला भाग गुरूंना दाखवल्यावाचून वाहिनीकडे धाडायचा नाही, असा त्याचा नेम होता.

मालिका एका गेमर तरुणाची. नायकाचे काम करणाऱ्या नटाला मात्र खेळ येत नव्हता. म्हणून बोटांची दृश्ये नायिकेचे काम करणाऱ्या मृण्मयीवर घेतली होती. तिच्या नखांचा रंग पुसून, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधून. कथेत ती नायकाला कॉफी आणून देई, इतकेच.

"लोकांना पटत नाही, दाजी," निनाद ऐटीत म्हणाला. "टीव्हीवर गेमर म्हणजे पोरगा. पोरीने रुसायचे, 'जरा माझ्याकडे बघ' म्हणायचे."

"आणि कॉफी गार झाली की पुन्हा करून आणायची," शेजारी बसलेली मृण्मयी म्हणाली.

दाजी खळखळून हसले. मग हसू आवरत म्हणाले, "मी चाळीस वर्षे मिशा भादरून द्रौपदी झालो. ती लोकांना पटली."

मग ते मृण्मयीकडे वळले.

"चेडवा, तू खेळ पाहू."

मृण्मयीने घड्याळ उतरवले, पिशवीतला कंट्रोलर लॅपटॉपला जोडला आणि क्षणात पडद्यावर रणधुमाळी माजली. किल्ल्याचा दरवाजा ढासळला. शत्रू तिन्ही बाजूंनी चालून आले. तिची बोटे विजेसारखी चालत होती.

"डावीकडे!" निनाद ओरडला. "अगं, मागे बघ, मागे!"

"बघितलाय सर, ओरडू नका!"

तो केव्हा उठून उभा राहिला, त्याचे त्यालाच कळले नाही. शेवटचा बुरूज कोसळला, तशी त्याने आरोळीच ठोकली. "जिंकली! जिंकली!"

दाजींनी अलगद विचारले, "नायक कुठे होता रे?"

"कोण नायक?"

निनादने जीभ चावली. मृण्मयीने तोंडावर ओढणी धरली.

त्याच दुपारी त्याने मुंबई गाठण्यासाठी गाडी काढली. पहिला भाग पुन्हा चित्रित करायचा, खेळणारी मृण्मयीच दाखवायची, यासाठी वाहिनीच्या अधिकाऱ्यांशी तो रोज भांडला. 'मालिका दुसऱ्याला देऊ,' अशी धमकीही त्याने ऐकून घेतली.

दत्तजयंतीच्या दिवशी मठात त्याचा फोन आला.

"दाजी, मान्य झाले! खेळणार मृण्मयीच, चेहऱ्यासकट!" त्याला धाप लागली होती. "पण आता नायकाचे काय करू? त्याला कामच उरले नाही."

दाजी हसले.

"त्याला टाळी वाजवायला शिकव. लढण्याहून ते कठीण."