गोदाक्काचा डावा गुडघा

"रेषा कुठं चुकली ते दाखवा, सर."

डॉ. ऋतुराज भोपेने एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि तो बाजूला झाला. खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा नव्या गुडघ्याच्या बरोबर मधून जात होती. बाक शून्य अंश.

मोहोळकर सरांनी चष्मा कपाळावर चढवून फिल्म पाहिली.

"चुकली नाही."

"आत शिरतानासुद्धा मांडीचा स्नायू कापला नाही, कडेखालून गेलो. चौथ्या दिवशी बाई जिना चढली..."

"मग?"

"मग आता ती नको का म्हणते?"

त्याचं खरं दुखणं हे होतं. गोदाक्का मगदूमची चाळीस वर्षं इचलकरंजीत मागावरच्या सुताच्या कांड्या भरण्यात गेली होती. पाय उपजतच बाकदार, त्यात दोन्ही गुडघे झिजलेले. उजवा त्याने सहा महिन्यांपूर्वी बदलला. उद्या सकाळी डावा बदलायचा होता, आणि आज भरती होताच तिने सही करायला नकार दिला. डाव्यामुळे तिला मोरीपर्यंत जाणं होत नव्हतं, तरी नकार. हट्ट म्हणावा, तर डोळ्यांत पाणी.

"पाय सरळ केलासा खरं, डॉक्टर," ती म्हणाली होती, "आता त्यो माझं ऐकंना झालाय. ह्यो वाकडाच ऱ्हाऊ दे."

ऋतुराजने तिला फिल्म दाखवून परोपरीने समजावलं. शेवटी, या अडाणी बाईपुढे कुठं डोकं फोडायचं, असं चरफडत तो सरांकडे आला. सरांच्या हाताखाली तयार झालेल्यांत याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे सर जाणून होते, आणि तोही जरा जास्तच जाणून होता.

सरांनी कपाटातून दुसरी एक फिल्म काढून पेटीवर लावली. नावाच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"ही बघ."

"चार अंश बाक. सांधा शाबूत आहे."

"उद्या झिजून तुझ्याकडे आला तर?"

"शून्यावर आणीन."

"हा माणूस चालत कसा असेल?"

"फेंगडा."

सरांनी अंगठा उचलला.

भोपे, ऋतुराज.

गेल्या साली पळताना त्याचा गुडघा मुरगळला होता, तेव्हा सरांनीच ही फिल्म काढायला लावली होती. पंधरा दिवसांत दुखणं गेलं आणि त्याने ती पाहिलीही नाही. पुढे याच पायांनी तो बेचाळीस किलोमीटर धावला.

ऋतुराजने खाली आपल्याच गुडघ्याकडे पाहिलं.

"गोदाक्का आज दवाखान्यात कशी आली?" सरांनी विचारलं.

"चाकाच्या खुर्चीतून."

"आणि उजव्याच्या वेळी?"

"तेव्हाही..."

तो थांबला. उजवा गुडघा कापण्याआधी ती त्याच्यासमोर फिल्मपुरती उभी राहिली होती. तिची मुळातली चाल त्याने पाहिलीच नव्हती. ऋतुराजला लाज वाटली, आणि ती लपवण्याइतकंही बळ त्याच्यात उरलं नाही.

दोघं वॉर्डात गेले. त्याला पाहताच गोदाक्काने डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला. सहीसाठी आलो नाही, असं त्याने सांगितलं.

"अक्का, चार पावलं चालून दाखवाल? आधीच बघायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. डॉक्टर चुकलं म्हणतो, हे तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"बघून घ्या," ती म्हणाली. "सहीचं मग बघू."

सोबत आलेल्या लेकीने काखेत हात घालून तिला उठवलं. भिंतीला धरून ती निघाली. डावा पाय दुखत होता, पण आपल्या जुन्या सवयीने बाहेर झुकत पडत होता. उजवा सरळ पडायचा, आणि दर पावलाला ती क्षणभर घुटमळायची. तिची पावलं नीट दिसावीत म्हणून ऋतुराज फरशीवरच बसला. खिडकीपाशी पोचून ती परत वळली...

"सर," त्याने मान वर करून हळूच विचारलं, "डावा किती अंशांवर ठेवू?"

सर म्हणाले, "ती तिकडं चालतेय. माझ्या तोंडाकडं काय बघतोस?"