मानाचे दहा घाव

आजोबांच्या आजोबांनाही नीट आठवत नसेल अशा एका काळी, उघड्या माळावर एक गाव होतं. त्या गावची एक मुलगी दूरच्या राजधानीत यंत्रशाळेत शिकायला गेली आणि सात वर्षांनी परत आली.

येताना वाटभर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. वेशीतून पाणगाडी येते आहे, तिच्यावरचं मोठं पिंप डचमळतं आहे आणि बायका आपापल्या दारात बसून गाडीची वाट पाहत आहेत. गावची विहीर माघातच आटायची आणि तळं दोन कोसांवर होतं, म्हणून राजाने ही गाडी गावाला दिली होती. मुलगी शिकायला गेली त्याच वर्षी गाडीचं एक चाक गंजाने आसावर, म्हणजे मधल्या लोखंडी दांड्यावर, जखडलं. पण दर वर्षी तिच्या दादाचा निरोप यायचा, "औंदा आस निघतोच बघ!" असे सात निरोप आले. तेव्हा आस केव्हाच निघाला असेल, असं तिने धरून चाललं होतं.

गाडी तिला वेशीवरच दिसली. जिथे अडली होती तिथेच उभी होती. फक्त आता तिच्यावर छप्पर होतं, चाकाला हळदकुंकू होतं आणि पुढे नारळांचा ढीग होता. त्या देवस्थानाला वळसा घालून चाळीस बायका डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन रांगेने गावात शिरत होत्या. रांगेत शेवटी तिची वहिनी होती. तिला सातवा महिना होता.

"वहिनी! तुम्ही?"

"वन्सं, आलात? थांबा, आता मागे वळता येत नाही. घागरी उतरवल्या की डोळे भरून बघते तुम्हाला."

मुलीने वरची घागर काढून घेतली. वहिनीने श्वास सोडला. "मागच्या साली याच वाटेवर एक गेलं माझं. वैदूबाई म्हणते, या खेपेला ओझं नको. मी म्हटलं, मग गावाला सांगा तहान नको."

"पण ही गाडी?"

"गाडीचा सण परवा आहे की," वहिनी म्हणाली आणि चालू लागली.

तो सण कसला होता, तेही ऐका. गावात मानाची दहा घरं होती. वर्षातून एकदा, चैत्रात, त्या दहा घरांचे दहा कर्ते पुरुष पाणगाडीपाशी जमत. पाटलाचा पहिला, मग ज्याचा त्याचा मान बघून, प्रत्येकाने आसाच्या टोकावर घणाचा एकच घाव घालायचा. दुसरा घातला तर पुढच्याचा मान गेला. ज्याच्या घावाने आस निघेल त्याला जन्मभर चावडीवर पहिली जागा. एका वर्षी तिसरा कोण आणि चौथा कोण यावरून भांडण लागलं, तर सणच झाला नाही. पुढे वर्षभर पाणी मात्र डोक्यावरूनच आलं, आणि कुठल्या घागरीचा मान कितवा हे कुणी विचारलं नाही.

घरी आली तर दादा अंगणात रिकाम्या हवेत घण फिरवत होता.

"दादा, वहिनी चार कोस चालून आल्या आणि तू हवेला मारतोस?"

"अगं, आठवा घाव आपल्या घराचा! आबांच्या माघारी माझ्याकडे आलाय. नीट बसायला नको?"

"तोवर मळ्यातली गाडी जुंप ना पाण्याला."

"वा! गावाची पाणगाडी असताना मळ्यातल्या गाडीने पाणी आणायचं? लोक तोंडात शेण घालतील."

दुसऱ्या दिवशी ती चाकापाशी गेली. कुंकवाचा थर नखाने खरवडून तिने आसाचं टोक पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आस चाकाच्या तुंब्यातून, म्हणजे मधल्या ओंडक्यातून, मागे निघायला हवा होता. तुंब्याच्या आत लोखंडी नळी होती आणि आस त्या नळीत जखडला होता. पण घाव बसून बसून आसाचं टोक अळंबीच्या छत्रीसारखं पसरलं होतं. नळीच्या तोंडापेक्षा ते आता रुंद झालं होतं. पहिल्या वर्षी गंजाने धरलेला आस पुढची सहा वर्षं मानाच्या घावांनीच धरून ठेवला होता.

ती तशीच लोहाराकडे गेली. म्हातारा एका घणाला नवा दांडा बसवत होता. बाकीचे नऊ भिंतीला ओळीने उभे होते.

"लोहारबाबा, आसाचं टोक पसरलंय."

"पसरंल नाहीतर काय? सात वर्षं त्याच्या टाळक्यात घालतायत."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"लोखंडात जन्म गेला माझा, पोरी. टोक कानशीनं घासून बारीक करायचं. नळीत तेल सोडायचं. तुंब्याला गरम राखेच्या पुरचुंडीनं शेकायचं, बाळंतिणीची पाठ शेकतात तसं. मग दोर लावून सबुरीनं ओढायचं. चार दिसांचं काम."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की, पयल्याच साली. पाटील म्हणाले, तुझा घाव दहांत नाही, मग तुझं तोंड दहांत कसं आलं? पुढं वरीसभर एक फाळ आला नाही माझ्याकडं पाजवायला. पोरांनी काय लोखंड खायचं?"

"आणि आता त्यांचेच घण घडवता!"

"घडवतो. ते घण मागतात. अक्कल कुठं मागतात?"

मुलीला पाटलापेक्षा या म्हाताऱ्याचाच जास्त संताप आला. "बाबा, तुमच्या एका गप्प बसण्यावर चाळीस बायका रोज चार कोस चालतात."

लोहाराने मान वर केली नाही. "तू बोल की मग. तू तर राजधानीची."

सणाच्या दिवशी ती बोलली. हलगी वाजत होती, दहा फेटे झळकत होते. ती चाकापुढे जाऊन उभी राहिली आणि हलगी थांबली.

"तुम्ही आस काढत नाही, तुम्ही तो ठोकून बसवता आहात," ती म्हणाली. "हे टोक बघा. जेवढे घाव घालाल तेवढं ते पसरेल. कानस आणा, तेल आणा, चार दिवस द्या. नाहीतर सरळ कबूल करा, की तुम्हाला आस निघायला नकोच आहे. निघाला तर पुढच्या वर्षी फेटे कुठे मिरवाल?"

पाटलाची नजर तिच्यावरून दादाकडे गेली आणि परत तिच्यावर आली. मग तो मोठ्याने हसला.

"वा रे वा! काय बोलली पोर! गावाचं नाव काढलंस, बाई. एवढी शिकली आणि हिला मान नाही, हा गावाचा अन्याय झाला. आजपासून अकरावा घाव हिचा!"

हलगी पुन्हा कडाडली. एकामागून एक दहा घाव पडले. आठव्या घावाला दादा ओरडला, "हलला! जरासा हलला!" असं दर वर्षी कुणी तरी ओरडायचंच. मग पाटलाने घण तिच्यापुढे धरला.

"उचलंल का ताई?" गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "का त्याला पण पोथी लागती?"

लोक खो-खो हसले. मुलीने विचार केला, एकदा यांच्यातली झाले की मग हे माझं ऐकतील. आत बसूनच सुधारावं लागतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या हातांत तीन दिवसांचा राग साठला होता आणि समोर मारायला काही तरी होतं. तिने घण उचलला आणि सारं बळ एकवटून आसावर घातला.

लोखंड खणखणलं. "हलला! हलला!" असा गलका झाला. आस हलला नव्हता. टोक आणखी गव्हाभर पसरलं होतं, आणि ते सर्वांत आधी तिलाच दिसलं. पण कुणी तरी तिच्या खांद्यावर शेला टाकला, पाटलाने तिला आपल्या शेजारी बसवलं, आणि क्षणभर तिला बरं वाटलं.

तेवढ्यात समोरून वहिनी गेली. सणाला पाहुणे होते, जेवणावळ होती, म्हणून बायकांची त्या दिवशी तिसरी खेप चालली होती. रिकाम्या घागरी कडेवर घेऊन वहिनी थांबली. तिने शेला पाहिला.

"वन्सं, तुम्हीसुद्धा?"

एवढंच म्हणाली आणि तळ्याच्या वाटेला लागली.

दिवस कलताना बायकांनी वहिनीला उचलून आणलं. उतारावर पाय घसरला होता. वैदूबाईने पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

"बाळ हलतंय," ती शेवटी म्हणाली. "पण आता हिनं एक घागर जरी उचलली, तर दोघांतल्या कुणाचीच हमी मी देणार नाही. मग मला बोलवायलासुद्धा येऊ नका."

दादाचा चेहरा उतरला होता. उशाशी बसून तो म्हणाला, "नको, नको. उद्यापासून हिनं जायचंच नाही. शेजारच्या काकूंना सांगू. आपल्या दोन घागरी त्या आणतील."

"काकूंच्या डोक्यावर त्यांच्या दोन आहेत, दादा. चार कुठे ठेवतील?"

सात वर्षांत दादाने हा हिशोब कधी मांडलाच नव्हता. मुलीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तिने स्वतःचा हात पाहिला. तिच्याही तळहातावर घणाचा फोड आला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका घागरी घेऊन वेशीपाशी जमल्या. मुलगी तिथे आधीच उभी होती. तिने लोहाराला झोपेतून उठवून आणलं होतं. त्याच्या हातात कानस होती, तिच्या हातात तेलाचा बुधला.

"आज कुणी तळ्यावर जाऊ नका," ती म्हणाली. "घागरी मानाच्या दारांत नेऊन ठेवा. ज्यांनी घाव घातले ते पाणी आणतील. आस तुम्ही काढा. कसं काढायचं ते हे बाबा सांगतील."

"आम्ही?" एक म्हातारी म्हणाली. "आमचा काय मान?"

"आजी, तुम्हाला गाडी हवी आहे. एवढं पुरे."

लोहार कुजबुजला, "पाटलांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, सण काल झाला. आज काम आहे."

"अन् माझा भाता बंद पडला तर?"

"घागरी आमच्या हातात आहेत, बाबा," ती म्हातारी मध्येच म्हणाली. "जो तुझा भाता बंद पाडंल, त्याच्या चुलीवर पाणी कसं चढतं ते बघू आम्ही."

लोहाराला हसू आलं. तो तुंब्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने कानस म्हातारीच्या हातात दिली. थोड्याच वेळात दहा दारांत रिकाम्या घागरींच्या उतरंडी लागल्या. पाटील दात घासायला बाहेर आला, तर तांब्यात पाणी नव्हतं. "पाणी कुठाय?" तो गरजला. आतून बायकोचं उत्तर आलं, "दारात घागरी आहेत. तळं दोन कोस."

"आणि तू गं?" काकूंनी मुलीला विचारलं. "तू इथं आमच्याबरोबर बसणार ना? सगळ्यांत जास्त तूच तर शिकलीस."

शेजारी बसून हे काम करावं, याहून दुसरी कुठलीच इच्छा मुलीच्या मनात नव्हती. याच कामासाठी ती सात वर्षं शिकली होती. पण तिने तेलाचा बुधला काकूंच्या हाती दिला.

"नाही काकू. घाव मीही घातलाय."

तिने वहिनीची चुंबळ डोक्यावर ठेवली, वहिनीच्या दोन्ही घागरी घेतल्या आणि तळ्याच्या वाटेला लागली. जोवर आस निघत नाही तोवर रोज आपणच जायचं, असं तिने ठरवलं होतं. थोडं अंतर गेल्यावर मागे पावलं वाजली. दादा होता. त्याच्या हातात एक घागर होती, आणि ती धरायची कशी हे त्याला कळत नव्हतं.

मागे वेशीवर आज घणाचा दणका नव्हता. सात वर्षांत पहिल्यांदाच लोखंडावर सावकाश फिरणारी कानस ऐकू येत होती.

बोध: जखडलेलं काम मानासाठी घातलेल्या घावांनी अधिकच जखडतं; ते सोडवायचं तर ज्यांच्या डोक्यावर त्याचं ओझं आहे, त्यांच्याच हाती द्यावं.