खिंडीपलीकडची स्वस्ताई

“मग जाऊ ना, बुवा? तुम्ही हो म्हणा, उद्याच निघतो.”

विसाजी कासारानं पुन्हा विचारलं. खिंडीतल्या देवळाच्या ओवरीत गोसावीबुवा धुनीपुढे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विसाजी बांगड्यांची पेटी घेऊन बाजारोबाजार हिंडणारा माणूस. घाटावर मीठ महाग, खाली बंदरात ज्वारी महाग, सगळे भाव त्याला तोंडपाठ, आणि त्याचा तोरा तर विचारू नका. पण बिऱ्हाड बंदरात, आणि तिथं प्यायचं पाणीसुद्धा विकत. कमाई घरभाड्यातच जायची. बायको चिमा बाळंतीण. अंगावरचं दूध पुरेना, वरचं परवडेना. बिचाऱ्याचा जीव तुटायचा.

अशात खिंडीपलीकडचं ते गाव सापडलं, आणि विसाजीला स्वर्ग दोन बोटं उरला. आता बायको-बाळाला घेऊन कायमचं तिथंच राहायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“काय पाहिलंस ते सांग,” बुवा म्हणाले.

विसाजी खुलून सांगायला लागला. तूप काय, गूळ काय, तांदूळ काय, मागेल त्या भावाला. पहिला दुकानदार म्हणाला, भवानी आहे, न्या. बरोबरच आहे, दिवसाच्या पहिल्या विक्रीला गिऱ्हाईक कोण परत पाठवतो? पण दुसराही तेच म्हणाला. तिसराही. ऊन कललं तरी अख्ख्या बाजाराची भवानी व्हायचीच होती.

“पैसा कपाळाला लावला त्यांनी?”

भवानीचा पैसा कपाळाला लावायची रीत कुठं नसते? पण विसाजी अडखळला.

“नाही... गालाला लावला.”

“मग?”

“डोळे मिटून बसले थोडा वेळ. मग पैसा परत दिला. एवढं पुरे, म्हणाले.”

विसाजी हसला. बुवा हसले नाहीत.

परत आलेला पैसा दर वेळी गारठलेला असायचा, हे विसाजीला आता आठवलं. पण तूप फुकट मिळत असताना असल्या गोष्टी कोण मनावर घेतो?

“चुली पेटल्या होत्या?”

विसाजीनं आठवून पाहिलं. धूर काही कुठं दिसला नव्हता. माणसं मात्र भर वैशाखात घोंगड्या लपेटून बसली होती. गावचं पाणी बाधत असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

“आणि घर?”

“चांगलं ऐसपैस घर, बुवा. घराची मालकीण म्हातारी आधी भाडं सांगत होती. मी आपलं सहज बोललो, घरात तान्हं बाळ आहे. तशी ती उठून उभीच राहिली. भाडं नको म्हणाली. बाळाला तेवढं रोज माझ्या मांडीवर द्या.”

बुवांनी चिमट्यानं धुनीतला निखारा उलटा केला.

“शेजारपाजारचे सगळे दारात येऊन उभे राहिले. बाळ कधी आणता, बाळ कधी आणता, एकच धोशा. एवढी माया बंदरात कोण लावतं, बुवा? तिथं तर...”

“विसाजी,” बुवा हळूच म्हणाले, “हात काढ.”

“कुठला हात?”

त्यानं खाली पाहिलं. बोलण्याच्या भरात तो पुढं झुकला होता, आणि त्याचा उजवा तळवा धुनीतल्या रसरशीत निखाऱ्यावर टेकलेला होता. किती वेळ, कोण जाणे. कातडी काळी पडली होती.

त्यानं हात उचलला. दुखत नव्हतं.

त्यानं तो तळवा आपल्या गालाला लावून पाहिला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. निखाऱ्यावरून उचललेला तो हात गार होता.

खिंडीत वारा पडला होता. पलीकडच्या उतारावरून कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारत होतं. हाक आर्जवी होती.

“बुवा...” विसाजीनं उताराकडे पाहिलं. “मी... जाऊ का?”

बुवांनी धुनीत एक ओंडका सरकवला.

“आधी घरी जा. याच हातांनी बाळाला उचलून घे. ते दचकून रडलं नाही, तर खुशाल जा.”