कापलेली तुळई

"ही तुळई इथे मधेच कशाला?" धाकटा लहानपणापासून विचारत आला होता, आणि त्याला कुणी कधी धड उत्तर दिलं नव्हतं.

फार जुनी, इंग्लंडातल्या एका खेड्यातली ही गोष्ट. तिथे दोन भावांचं शेतघर होतं. ओकच्या खांबांचा सांगाडा, मधल्या जागेत काटक्या विणून त्यावर माती-शेणाचा गिलावा, वर गवताचं जड छप्पर. लोखंडाचा एक खिळा नाही. लाकडात लाकूड अडकवून लाकडाच्याच खुंट्या ठोकलेल्या. माडीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छातीच्या उंचीवर एक जाड तुळई आडवी गेली होती. पलीकडे जायचं तर वाकून.

आई-बाप केव्हाच गेले होते. थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं. मग थोरल्याचं लग्न झालं, वहिनी आली, आणि आल्या आठवड्यातच तिच्या कपाळाला टेंगूळ आलं.

"तुमच्या घरात नांदायचं तर डोकं माहेरीच ठेवून यायला हवं होतं," ती म्हणाली.

"कापून टाकू?" धाकट्याने करवत उचललीसुद्धा.

"थांब रे! आधी सुताराला विचार," थोरला म्हणाला.

ते घर गावातल्या म्हाताऱ्या सुतारानेच उभं केलं होतं. पण धंद्यातलं बाहेरच्याला सांगायचं नाही, अशी तिथल्या सुतारांची शपथ असे.

"काका, ती तुळई कशासाठी घातलीत?" धाकट्याने सुताराच्या कामाच्या जागी जाऊन विचारलं.

"ते आमच्या धंद्यातलं. तू आपल्या गाईंच्या धारा काढ."

"अहो, सांगा तरी!"

"आधी माझ्याकडे उमेदवारी कर, भुसा झाड. मग बघू." बाकीचे सुतार फिदीफिदी हसले.

धाकटा तणतणत घरी आला आणि कुणाला न विचारता त्याने तुळई मधोमध कापून वाट केली. थोरला धावत वर आला. घर जागचं हललं नव्हतं. वहिनी ताठ मानेने पलीकडे गेली, परत आली.

"भावजी, राजवाडा केलात!"

तिघंही पोट धरून हसली.

हिवाळ्यात छपरावर बर्फ साचला. तो भार दोन्ही भिंतींना बाहेर रेटत होता, आणि त्यांना आत धरून ठेवणारं आता काही उरलं नव्हतं. एका सकाळी, धाकटा गोठ्यात असताना, खुंट्या निखळल्या, भिंती बाहेर कलंडल्या आणि छप्पर खाली बसलं. आत थोरला आणि वहिनी.

सारं गाव धावलं. म्हातारा सुतारही आला. "पोरा, त्या तुळईनंच दोन्ही भिंती..."

"आता नका सांगू!" धाकटा ओरडला. "आता पाळा तुमची शपथ!"

त्याने नखं तुटेपर्यंत माती उपसली आणि दोघांना बाहेर काढलं. पुरण्याआधी त्याने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दादाच्या तोंडावरचा गिलावा ओल्या फडक्याने पुसला. मग वहिनीच्या केसांत अडकलेल्या छपराच्या काड्या एकेक करून, तिला दुखू नये अशा बेताने, हळूहळू काढल्या.

तात्पर्य: माणसं गेल्यावर सांगितलेलं शहाणपण कुणाच्याच कामाचं नसतं, आणि रागाच्या भरात कापलेलं पुन्हा सांधता येत नाही.