हात नसलेल्यांचे स्थानक

त्या नगरात पोहोचणे पायांवर अवलंबून होते. पाय धड असेल तो पोहोचे. नसेल त्याचे नाव पुसले जाई.

वस्त्या एका टोकाला होत्या आणि कोठार दुसऱ्या टोकाला. दर अमावास्येला सूर्य माथ्यावर येण्याआधी प्रत्येकाने कोठारावर जाऊन आपले नाव सांगायचे, असा नियम होता. दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलेल्याचे नाव धरत नसत. लागोपाठ दोन अमावास्या चुकल्या की वेशीबाहेर. बाहेर पाणी नव्हते.

नगराची राख टाकायच्या जागी गाढवांची वस्ती होती, तिला राखवाडी म्हणत. तिथे म्हाळू नावाचे एक म्हातारे गाढव राहत होते. त्याची मुलगी तानी कोठाराच्याच भिंतीसाठी दगड वाहत होती. त्यातला एक दगड तिच्या मागच्या पायावर पडला. पाय जुळला, पण वाकडा जुळला. त्या महिन्याची अमावास्या चुकली.

त्याच महिन्यात नगराच्या सभेने रूळ टाकायला काढले. वस्त्यांतून निघून कोठारापर्यंत एक हलकी गाडी धावणार होती. फर्मान निघाले. प्रत्येक वस्तीने आपले स्थानक आपण बांधायचे. फलाट चार हात उंच हवा. गाडीच्या दाराखाली एक लोखंडी फळी होती. फळी सरकून फलाटावर सपाट टेकली तरच दार उघडेल. टेकली नाही तर गाडी पुढे जाईल, आणि ते स्थानक कायमचे रद्द. पहिली गाडी येत्या अमावास्येला.

हात कोणाचा, हे फर्मानात नव्हते. त्या नगरात असले कोणी विचारत नसे. जो तो आपल्याच अंगाने मोजत आला होता.

हत्तींची सोंड हाच हात. त्यांनी चार सोंडा मोजल्या आणि काळ्या दगडाचा फलाट उभा केला. त्यावर कमानी चढवल्या. माकडांनी आपले हात लावले. पण दर तुकड्याला माकड वेगळे, त्यामुळे फलाट एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला बसका झाला. खारींनी चार हात मोजले, तेव्हा फलाट रुळाच्या उंचीलाही आला नाही. तिघांनीही काम नेमके झाले असे कळवले. ते खोटे बोलत नव्हते.

गाढवांना हात नव्हते.

तिन्ही स्थानकांचा दगड, वाळू आणि चुना मात्र त्यांच्याच पाठीवरून गेला. स्वतःचे काम ते दुपारच्या सुट्टीत करत. पाया खणला, तळाला दगडांचे सोलिंग भरले, आणि तिथे अडले. किती वर जायचे ते कळेना.

म्हाळू माकडांच्या मुकादमाकडे गेला.

"मुकादम, तुमचा हात जरा लावून द्या. एका खुंटावर खूण करतो, बास."

"कोणता देऊ? डावा का उजवा?" मुकादमाने दोन्ही पुढे केले. बाकीची माकडे हसली. "म्हाळूबा, ज्याला हात नाही त्यानं हाताचं काम अंगावर घेऊ नये. तुमच्यातलं कोण गाडीत बसणारे?"

"तानी."

"ती लंगडी?"

म्हाळू परत आला आणि पाण्याच्या हौदापाशी उभा राहिला. गाढवांनी पिढ्यान् पिढ्या कातडी पखालीतून पाणी वाहिले होते. पाणी पाठीवर कसे वागते ते त्यांना ठाऊक होते. चढावर ते मागे येते, उतारावर पुढे जाते, पण त्याचा माथा कधी तिरका होत नाही. कोणीही वाहिले तरी नाही.

अमावास्येला वीस दिवस उरले तेव्हा गाडीचा पहिला डबा भट्टीतून निघाला. तो रुळांवरून ओढत नेण्याचे काम गाढवांचे. वाटेत राखवाडी लागली. मुकादमाने पाणी पिण्याइतकी सुट्टी दिली.

"कोणी पाणी पिऊ नका," म्हाळू म्हणाला. "सगळे डब्यात चढा."

"आबा, आत चढलं तर मारतील," तानी म्हणाली.

"मारू देत. रिकामा डबा उंच उभा राहतो. आपल्याला भरलेल्याची उंची पाहिजे."

फळ्या लावून गाढवे आत चढली. डबा दोन बोटे खाली बसला. मुकादम झाडावरून पाहत होता.

"बसा, बसा. हौस फेडून घ्या," तो ओरडला. "परत कुठं बसायला मिळणार?"

म्हाळूने पखालीची लांब कातडी नळी आणली. दोन्ही टोकांना बांबूची पेरे बसवली आणि नळी पाण्याने भरली. एक टोक तानीने दारातून वाकून लोखंडी फळीच्या खालच्या कडेशी धरले. दुसरे टोक दातांत धरून तो पायाच्या पहिल्या खुंटापाशी गेला. टोक खाली नेले की पाणी सांडे. वर नेले की तानीकडचे सांडे. दोन्हीकडे काठाशी थांबले तिथे त्याने खुंटावर खूर मारला. मग दुसरा खुंट. मग तिसरा. शंभर पावलांच्या फलाटाला अकरा खुंट होते. सुट्टी संपली तेव्हा अकरावी खूण झाली होती. कोणी पाणी प्यायले नव्हते. त्यांनी तसाच डबा ओढला.

पुढचे अठरा दिवस खुणेवर दोरी ताणून दगड बसला. दोरीच्या वर गेलेला दगड म्हाळू काढायला लावी. खाली राहिलेलाही काढायला लावी. तरणी गाढवे चिडत.

"आबा, बोटभराचा तर फरक आहे."

"बोटभरानं दार उघडत नाही. काढ."

कमान नव्हती, नक्षी नव्हती. वर फक्त उसाच्या पाचटाचे छप्पर होते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सभेचा बगळा तपासणीला आला. त्याने फलाटावर चोच घासली.

"किती हात भरला?"

"मोजला नाही, साहेब."

"मग बांधला कसा?"

"पाण्याला विचारून."

बगळ्याने पानावर लिहिले, माप नाही. गाडीतून येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायच्या यादीत तीनच स्थानके राहिली. पण रूळ राखवाडीवरूनच गेले होते. ते उचलता येत नव्हते.

अमावास्या उजाडली. पाहुण्यांच्या वजनाने खाली बसलेली गाडी निघाली.

पहिले स्थानक हत्तींचे. हार घातलेले हत्ती फलाटावर रांगेने उभे होते. गाडी आली आणि त्यांना गाडीचे टप दिसले. खाली लोखंडी फळी सरकली, दगडी भिंतीवर आपटली आणि आत गेली. गाडी निघून गेली. माकडांकडे फळीचे एक टोक टेकले, दुसरे हवेत राहिले. मुकादम त्यावर उड्या मारून पाहत होता तोवर गाडी हलली. खारींना तर फळी डोक्यावरून सरकली तेव्हा कळले.

राखवाडीत ढोल नव्हता. तानी फलाटाच्या कडेला तीन पायांवर उभी होती. मागे सगळी वस्ती. गाडीचा आवाज आला तशी म्हाळूने मान खाली घातली. त्याला पाहवेना.

फळी सरकली. टेकली. आवाजसुद्धा झाला नाही.

दार उघडले.

"आबा, वर बघा," तानी म्हणाली, आणि वाकडा पाय पुढे टाकून आत गेली. तिच्यामागून वस्ती शिरली. कोणाला उडी मारावी लागली नाही, कोणाला ढकलावे लागले नाही. म्हातारी गाढवे चालता चालता आत होती. सूर्य माथ्यावर यायला अजून तीन घटका होत्या. कोठारावर नावे धरणाऱ्या पोपटाने तानीचे पाय पाहिले, मग सूर्याकडे पाहिले, आणि तिचे नाव धरले.

दुसऱ्या फेरीसाठी गाडी राखवाडीत परत आली तेव्हा फलाट भरलेला होता. पुढे खारी होत्या. मागे माकडे, आणि त्यात मुकादम. त्याने हात पाठीमागे धरले होते. सर्वांत मागे मोठा हत्ती. काळा दगडी फलाट उतरून, राखेतून चालत तो इथवर आला होता. गळ्यात हार तसाच होता.

दार उघडले. तानी आतून बाजूला सरकली.

हत्तीने चढण्यासाठी पाय उंच उचलला. पाय हवेतच राहिला. पायरी शोधत तो इकडे तिकडे फिरला.

"खाली ठेवा, आजोबा," तानी म्हणाली. "इथं चढायचं नसतं."