सभापतींचा कर्णा आणि मंजुळाबाईंची तार

माजी सभापती दौलतरावांच्या बंगल्यात गावातलं एकुलतं एक वायफाय होतं. शेजारी आरोग्यसेविका मंजुळाबाई राहत. गावात मोबाइलला रेंज नव्हती. अवघडलेल्या बायकांना तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंशी व्हिडिओवर बोलता यावं, म्हणून मंजुळाबाईंनी वायफाय मागितलं.

"तार ओढा, तुमच्याकडे वायफायचा दुसरा डबा बसवा," दौलतराव मिशीला पीळ देत म्हणाले. "पण नेट शेजारी गेल्यानं माझा स्पीड तसूभरही घटणार नाही, हे आधी सिद्ध करा!"

मंजुळाबाईंनी गच्चीवरच्या कर्ण्याकडे पाहिलं. दौलतराव त्यावरून रोज सकाळी तासभर भाषण करीत. बाकी गावानं विनवण्या करून कर्ण्याचं तोंड केव्हाच मंजुळाबाईंच्या स्वयंपाकघराकडे वळवून घेतलं होतं.

"साहेब, तुमचं भाषण रोज आमच्या घरी येतं. त्यानं तुमचा आवाज घटतो का हो?"

दौलतरावांना डाव कळला. ते ठासून म्हणाले, "घटतो! चांगला निम्मा घटतो!"

"अरेरे! मग कर्णा आजच तुमच्या माजघराकडे वळवू. सगळा आवाज घरच्या घरी राहील."

आतून दौलतरावांच्या पत्नी धावत आल्या. "अहो, देऊन टाका ती तार!" असं म्हणत त्यांनी स्वतःच शिडी आणून भिंतीला लावली.