पांगाऱ्याखालचा साक्षी

"आणि तू कुठं होतास?"

"इथंच. या दगडावर."

"फांदी पडली तवा?"

"इथंच होतो, आक्का."

सोनाक्कांनी हातातली पिशवी खाली टाकली. गावातून चालत आल्या होत्या, धाप लागली होती. मठाच्या बागेतला पांगारा अर्धाच उभा होता. उरलेला अर्धा तांबड्या फुलांसकट, अंगावरच्या मधुमालतीसकट जमिनीवर आडवा पडला होता. तोडणारी माणसं करवत बुंध्याला टेकवून जेवायला गेली होती.

त्या वेलीत बुलबुलाचं घरटं होतं. आत पिल्लं होती.

होती...

"मग काय केलंस?"

"बघत होतो," मधुसूदन म्हणाला. आवाज कसा सपाट, एकसारखा निघाला. त्याचा त्यालाच तो आवडला. "तुम्हीच सांगितलं होतं, पाखरं बघत जा. बघितली. फांदी पडली, घरटं फुटलं. मनावर तरंग उठला नाही. राग औषधालासुद्धा आला नाही, आक्का."

आणि तो कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

हा मधुसूदन एके काळी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. भर बैठकीत प्राचार्यांना खडू फेकून मारणारा माणूस. राग घालवायचा म्हणून मठात आला. सोनाक्कांनी त्याला मंत्र दिला नाही, पोथी दिली नाही. रोज सकाळी बागेत बस आणि पाखरं बघ, एवढंच सांगितलं.

थंडी सरली, पांगाऱ्याची पानं झडून फुलं पेटली आणि बागेत बाजार भरला. साळुंक्यांची हमरीतुमरी. इवलासा शिंजीर उलटा लटकून फुलात चोच बुडवायचा. तांबट कुठल्यातरी फांदीत दडून दिवसभर ठोकत राहायचा. मधुसूदन बघायचा, आणि आपण किती शांत बसलोय, हेही बघायचा. हळूहळू पाखरं कमी दिसायला लागली, शांतीच जास्त.

पाडव्याला त्याला दीक्षा मिळायची होती. भगवी शाल घालणार होते विश्वस्तांचे अध्यक्ष, दादासाहेब इनामके.

पांगारा तोडायला माणसं त्यांनीच धाडली होती. पाडव्याला मंत्री येणार, मांडव पांगाऱ्याखाली घालायचा. मंत्र्यांच्या अंगावर पाखरू शिटलं तर? काढा झाड! सोनाक्का नको नको म्हणत राहिल्या. पण आक्कांच्या पायाला हात लावायचा आणि शब्दाला लावायचा नाही, ही त्या मंडळींची जुनी रीत.

"काय काय बघितलंस? सांग."

"बुलबुलाची जोडी होती. करवत लागल्यापासून ओरडत होती. त्यातला एक तर तोडणाऱ्याच्या तोंडावर झेपावत होता. त्याच्या मुंडाशावर चोच मारली. मग सातभाई आले, त्यांनी कालवा केला."

"सातभाईंचं घरटं होतं का त्या फांदीत?"

"नव्हतं."

"मग त्यांचं काय जात होतं?"

मधुसूदन पायाखालची तांबडी फुलं बघायला लागला.

"आणि तो तोडणारा? त्यानं तुझ्याकडं बघितलं न्हाई?"

"...बघितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सर, घरटं हाय ह्यात. तोडू का?"

"आणि तू?"

आता मात्र आवाज सपाट राहिला नाही.

"मी... डोळे मिटले."

साधू अशा वेळी मंद हसतात, असं मधुसूदनानं वाचलं होतं. सोनाक्का हसल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी वेल उचकटली, आतून काहीतरी काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

पिसं न फुटलेलं, गुलाबी, मान टाकलेलं पिल्लू.

"धर," त्या म्हणाल्या. "हेबी शांत झालंय."

ते अजून कोमट होतं.

मधुसूदनाला आठवलं. त्या माणसानं 'तोडू का' विचारलं तेव्हा आपले कान तापले होते. जिभेवर शब्दसुद्धा आला होता. मग डोळ्यांपुढं शाल आली, दादासाहेबांचा चेहरा आला, आणि शब्द मागं गेला. तो मागं गेलेला शब्द आपण शांती म्हणून मिरवत होतो...

फाटकाशी जीप थांबली. दादासाहेब उतरले, मागून तोडणारे आले. उरलेल्या पांगाऱ्यावर बुलबुलाची जोडी अजून ओरडत होती. शिंजीर खालच्या फांदीवरच्या आपल्या लोंबत्या घरट्यात शिरत होता, बाहेर येत होता.

"आक्का, नमस्कार!" दादासाहेब पायांशी वाकले. मग माणसांना म्हणाले, "चला रे, आटपा. उद्या मांडव घालायचाय." माणसांनी बुंध्याशी टेकवलेली करवत उचलली.

"करवत खाली ठेवा!"

कोण ओरडलं हे मधुसूदनाला क्षणभर कळलंच नाही.

"सर? अहो, तुम्ही?" दादासाहेब हसले. "चार फांद्या तर आहेत. पाखरं काय, दुसरीकडं जातील."

"हे जाईल का दुसरीकडं?" मधुसूदनानं मूठ उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. "बघा ना! एका माणसाच्या टकलावर शीट पडू नये म्हणून हे! लाज वाटत नाही? मठ चालवताय की मंत्र्याची बैठक?"

"तोंड सांभाळून बोला. शाल मी घालणार आहे तुम्हाला."

"ती मंत्र्याला पांघरा! शीट पडायची भीती त्याला आहे!"

तोडणाऱ्यांतला एक खुदकन हसला आणि लगेच खाली बघायला लागला. दादासाहेबांचा चेहरा पांगाऱ्यासारखा लाल झाला. ते सोनाक्कांकडं वळले.

"बघा आक्का, बघा तुमचा शिष्य! एवढी साधना केली, सगळी मातीत. आवरा त्याला."

सोनाक्का आत गेल्या. तांब्या भरून घेऊन आल्या.

"हां, पाजा पाणी," दादासाहेब म्हणाले. "डोकं जरा थंड होऊ दे."

सोनाक्कांनी तांब्या मधुसूदनापुढं धरला.

"घे... घसा ओला कर. त्यांच्या हातात अजून करवत हाय."